पांढऱ्या शिंपल्या

१

चिंधूकाका चेंबरच्या तळाशी पडला होता. कमरेपर्यंत काळ्या गाळात, तोंड वर, डोळे उघडे. वरून बघितलं तर वाटावं आत्ता हाक मारेल.

बुधवारची सकाळ, पावणेआठ. टँकरवाल्या मोरूनं बोंब ठोकली तशी मी पाड्यावरून अनवाणी पळत आले. मी शिडीवर पाय टाकणार तेवढ्यात मोरूनं माझा दंड धरून मागं खेचलं.

"मरायचं हाय काय? वास येत न्हाय तुला?"

येत होता. कुजक्या अंड्यांचा. थोडासाच, पण घशात बसला.

दोर आणि आकडा टाकून त्याला वर काढलं तेव्हा अंग थंड पडलेलं. आदल्या संध्याकाळीच आमचं वाजलं होतं. माझं सगळ्यांशीच वाजतं, चिंधूकाका मनावर घ्यायचा नाही. हसून विडी पेटवायचा.

आमचा खाणपाडा भिवंडीजवळच्या वळ गावामागं. पुढं गोडाऊनच्या रांगा, मागं दगडाची जुनी खाण. दगड संपल्यावर खाणीचे मालक बाळारामशेठ यांनी तिच्यात कोळशाचा टाकाऊ माल ओतू दिला, दगडमिश्रित, जो बॉयलरपण खात नाही. त्यात पिवळी चमक असते. लहानपणी आम्ही सोनं म्हणून खिशात भरायचो. त्या चमकेला हवा आणि पाऊस लागला की तेजाब, म्हणजे ॲसिड, बनतं, हे नंतर कळलं. आधी खाणीतून झिरपणारं पाणी नारिंगी झालं. मग ओहळातले खेकडे संपले. मग पाड्याच्या विहिरीचं पाणी जिभेला चावायला लागलं.

माझा मामा धम्मपाल कॉलेजात लॅब असिस्टंट. खाणीच्या तोंडाशी त्यानं टाकी बांधली. आम्ही टाकी म्हणतो, पण तीन भाग आहेत. पहिला सिमेंटचा लांब चर, त्यात कालवांच्या शिंपल्या. कोन गावच्या बायकांनी पोती भरभरून दिल्या. शिंपली म्हणजे चुना, आंबट पाणी तिच्यातून गेलं की आंबटपणा मरतो. दुसरं शेण-पेंढ्याचं झाकलेलं तळं, तिथं न दिसणारे किडे पाण्यातलं विष काळ्या गाळात बसवतात. शेवटी पाणकणसाचं डबकं. वीज नाही, मशीन नाही. दोन वर्षांत विहीर परत गोड झाली.

चर आणि तळं धुवायची वेळ आली तर दोन्हीचा गाळ एकाच खड्ड्यात उतरतो. तोच चेंबर. आठ फूट खोल, दोन्ही वॉल्व आतच. ते काम चिंधूकाकाचं. शिंपल्यांवर लाल थर चढला की त्या काम करेनाशा होतात, म्हणून दर शनिवारी दाताळ्यानं घासून उलट्या-पालट्या करायच्या. ते काम माझं.

पोलीस आले, बघून गेले. गॅसनं गुदमरला म्हणाले. मागोमाग बाळारामशेठ आले, पांढऱ्या कपड्यात, नाकाला रुमाल.

"मी पयल्या दिवशी बोललो होतो. हे शेणाचं गटार हाय. आता माणूस खाल्ला. उद्या पोरं खाईल."

पाड्यातल्या दहा-बारा माना हलल्या. मी काही बोलणार तर मामानंच हात वर केला.

"शेठ बरोबर बोलतात. माझ्या टाकीनं माणूस मारला. तोडा."

शेठनं तिथंच कागद पुढं केला. शुक्रवारी दहा वाजता जेसीबी. मामानं सही केली.

२

"तू येडा झालास का?" घरी आल्यावर मी ओरडले. "टाकी गेली तर विहीर गेली. पाड्यानं काय प्यायचं, तुझी सही?"

मामा भिंतीला टेकून बसलेला. जेवला नव्हता.

"चिंधूला सहा हजारांची नोकरी मी दिली, रत्ना. बॉयलरनं छाती खराब झाली होती, म्हणून म्हटलं इथं बस, हलकं काम हाय. त्याला मीच खाली पाठवलं."

"दोन वर्षं तो रोज वॉल्व बघायला उतरत होता. आजच गॅस कुठून आला?"

"साचला असेल."

"साचतो तर तू मला गॅसचा मीटर लावायला शिकवलंस कशाला? दर शनिवारी शून्य येतो. या शनिवारीपण…" मी थांबले. या शनिवारी मी गेलेच नव्हते. मावसबहिणीची हळद होती. "मागच्या शनिवारीपण शून्य."

मामानं पहिल्यांदा माझ्याकडं नीट बघितलं. लॅबमधलं बोलायला लागला की त्याचा आवाज सरळ होतो.

"गंधक काळ्या गाळात बांधलेलं असतं. ते आपणहून सुटत न्हाय. त्यावर आंबट पडलं तरच सुटतं. भसकन सुटतं. दोन श्वासांत माणूस आडवा."

"मग आंबट पडलं."

"कुठून पडेल? सगळं आंबट चरातच मरतं. शिंपल्या हायत ना."

"आणि पडलंच असेल तर?"

मी फळीवरून पट्ट्यांची डबी उचलली. कागदाच्या पट्ट्या, पाण्यात बुडवायच्या. लाल म्हणजे आंबट, हिरवी म्हणजे बरं, निळी म्हणजे साबणासारखं. दोन वर्षं चेंबरच्या पाण्यात पट्टी हिरवीच आलेली मी बघितली आहे.

दोरीला डबा बांधून मी चेंबरमधलं पाणी वर ओढलं. पट्टी टाकली.

पट्टी लाल झाली. गुलाबी-बिलाबी नाही. कुंकवासारखी लाल.

३

आता मी चराकडं वळले. सकाळपासून सगळे चेंबरभोवती गोळा, चराकडं कुणी बघितलंच नव्हतं.

चराच्या तोंडापासून पाच-सहा पावलं शिंपल्या पांढऱ्या होत्या. अशा पांढऱ्या की उन्हात डोळे दिपावेत. पुढं मात्र नेहमीच्याच, विटकरी थराच्या. कडेच्या सिमेंटवर एक गोल डाग, बादलीच्या बुडाएवढा, तिथलं सिमेंट खाऊन खरबरीत झालेलं. बाजूचं गवत जळून पिवळं. आणि चेंबरमध्ये टॉर्च मारला तर दिसलं, चराचा वॉल्व पूर्ण उघडा.

म्हणजे कुणीतरी चरात तेजाब ओतलं. ते वॉल्वमधून खाली काळ्या गाळावर आलं. आणि खाली चिंधूकाका उभा होता.

माझं डोकं तापलं. कुणाकडं पिंपानं तेजाब असतं? कारखान्यांचं सांडपाणी वाहणाऱ्या टँकरवाल्याकडं. सगळ्यात आधी तिथं कोण पोचलं? टँकरवालाच.

मोरू नाक्यावरच्या टपरीवर चहा पीत होता. मी गेले ती सरळ त्याच्या टँकरच्या मागच्या नळाला भिडले.

"ए, ए! गाडीला हात न्हाय लावायचा!"

"काय वाहतोस यात? रोज सकाळी खाणीकडं कशाला वळतोस? रिकामा करायलाच ना?"

टपरीवरचे लोक वळले. मोरूचा चहा सांडला.

"ओरडू नको. हां, करतो रिकामा. सगळेच करतात. मग? माणूस मारला म्हनतेस काय?"

मी नळाखाली पट्टी धरली. दोन थेंब पडले. मी वाट बघत होते लाल होण्याची.

पट्टी निळी झाली. गडद निळी.

"कापडाच्या डाइंगचं धुणं हाय ते, सोड्याचं," मोरू म्हणाला. "हात लावशील तर साबनासारखं बुळबुळीत लागंल. शिकलीस काय तुझ्या मामाकडं? नुसतं भुंकायला?"

त्याची चूक होतीच, पण ही नव्हती. तेजाबाऐवजी हे पडलं असतं तर उलट चिंधूकाका वाचला असता.

मोरूनं मला एक कटिंग पुढं केला. तो रागातपण चहा पाजतो.

"ऐक. मी पोचलो तवा वास निम्मा गेलेला. अंग थंड होतं. म्हंजे सात वाजायच्या आधीच गेला तो. आनि एक सांगतो, पोलिसांना न्हाय सांगितलं. चेंबरचं झाकन भिंतीला टेकवून ठेवलं होतं, चिंधू ठेवायचा तसंच. चपला बाजूला, जोडीनं. घाई न्हाय, मारामारी न्हाय. आनि तिथं डबा, कॅन, बाटली… काहीच नव्हतं."

तेजाब होतं, पण तेजाबाचं भांडं नव्हतं. ते कुणीतरी उचलून नेलं होतं. मेलेल्या माणसाच्या डोक्यावरून.

४

गुरुवारी सकाळी मी बाळारामशेठच्या ऑफिसात घुसले. ऑफिस गोडाऊनच्या वरती, काचेचं. खिडकीतून पूर्ण खाण दिसते.

"या, मास्तरीण बाई," शेठ म्हणाले. "नववी सोडलीस ना तू? की शाळेनं तुला सोडलं?"

"तेजाब कुणाकडून ओतवलंत?"

शेठ हसले नाहीत. पुढ्यातला पेपरवेट त्यांनी हळूच फिरवला.

"कसलं तेजाब?"

मी सांगितलं. पट्टी, डाग, उघडा वॉल्व. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मध्ये एकदा फोन वाजला तो कापला. मला वाटलं आता चिडतील. त्याचीच भीती वाटत होती आणि त्याचीच वाट बघत होते.

"बस," ते म्हणाले. "पोरी, माझ्या मनात होतं. खोटं कशाला बोलू? ती टाकी तिथून हलली की खाण बुजवून दीड लाख फुटाचं गोडाऊन उभं राहतंय. पण मी कशाला तेजाब ओतू? कालच पोल्यूशन बोर्डाची माधवी मॅडम पाणी तपासायला येणार होती. पाणी नापास झालं असतं तर टाकी अशीच गेली असती. माझ्या हिशेबानं ती नापासच होणार होती."

"का?"

"या खिडकीतून दिसतो ना मला चर. गेल्या आठवड्यात पांढरा होता, या आठवड्यात लाल झाला. शनिवारी कोणी घासायला आलंच नाही." त्यांनी माझ्याकडं बघितलं. खूप वेळ. "मी फक्त बसून राहिलो. बसून राहणं गुन्हा नाय."

"पाडा काय पिणार, शेठ?"

"टँकर लावून देईन की. मोरूचाच."

मी जिना उतरले. शेठ खोटं बोलत नव्हते, हेच वाईट होतं.

मी परत चराशी जाऊन बसले. एक पांढरी शिंपली उचलली. दुसरी उचलली. पंधरा-वीस उचलल्या असतील. सगळ्या दोन्ही बाजूंनी पांढऱ्या. आतल्या खोबणीतपण, जिथं बोट जात नाही तिथं ब्रशच्या तारेचे बारीक ओरखडे.

तेजाब ओतून टाकी बिघडवायची असती तर माणूस ओततो आणि पळतो. तोडायला आलेला माणूस एकेक शिंपली हातात घेऊन घासत बसत नाही.

हे कुणीतरी टाकीच्या भल्यासाठी केलं होतं.

५

खपली चढली की तेजाब, ही अक्कल आमच्या भिवंडीत एकाच जातीच्या माणसाला असते. बॉयलरवाल्याला. सायझिंगचा, म्हणजे सुताला खळ चढवायच्या कारखान्याचा बॉयलर वर्षातून दोनदा धुतात, नळ्यांमधली पांढरी खपली तेजाबानं काढतात. आणि चिंधूकाकानं टाकीवर यायच्या आधी बारा वर्षं बॉयलर हाकला होता.

त्या सायझिंगमध्ये आता सुमित आहे, आमच्याच वस्तीतला. शिफ्ट सुटताना मी त्याला गेटवर धरला.

"मंगळवारी चिंधूकाका तुझ्याकडं आला होता."

सुमितचा चेहरा पडला. "तुला कोणी सांगितलं?"

"कोणीच नाही. तू आत्ता सांगितलंस."

तो मला बाजूला घेऊन गेला. लूमच्या खडखडाटात त्याला कानाशी बोलावं लागलं.

"निळा कॅन, अर्धा भरलेला. मागितला, दिला. भाई, उस्ताद होता तो माझा. मला बॉयलर त्यानंच शिकवला. मला वाटलं घरातला संडास धुवायला नेत असेल."

"बॉयलर कसा धुता तुम्ही? सांग. पहिल्यापासून."

"वरून तेजाब सोडायचं. तासभर मुरू द्यायचं. ब्रश मारायचा. मग…" तो थांबला.

"मग?"

"मग खालचा वॉल्व उघडायचा. सगळी घाण एका दमात बाहेर. उस्ताद म्हणायचा, वॉल्व उघडला की समोर उभं राहायचं, धार काळी येते ती साफ होईपर्यंत बघायची. तेव्हाच समजायचं काम झालं."

बॉयलरमध्ये खालून नुसतं गढूळ पाणी येतं. इथं खाली काळा गाळ होता. दोन वर्षांचं बांधून ठेवलेलं गंधक. चिंधूकाकानं झाकण नीट टेकवलं, चपला जोडीनं काढल्या, खाली उतरला, वॉल्व उघडला, आणि बारा वर्षांच्या सवयीनं धार साफ होईपर्यंत बघत उभा राहिला.

"निळा कॅन कसा ओळखायचा?" मी विचारलं.

"हँडल तुटलेलं हाय. सुताचा दोर बांधलाय मी, लाल."

कॅन तिथं नव्हता. ज्यानं नेला त्यानं काकाला मेलेला बघितलं होतं, आणि कुणाला हाक मारली नव्हती.

६

चिंधूकाकाच्या घरात दुपारी चार बायका बसल्या होत्या. त्याची बायको राहीकाकू कोपऱ्यात. डोळे सुजून लालभडक. रडूनच, असं सगळ्या म्हणत होत्या. पण रडून डोळे सुजतात, बुबुळाभोवती असे भाजल्यासारखे होत नाहीत.

तिच्यासमोर पितळेची थाळी होती. काल काढून ठेवलेलं त्यात पडलं होतं. मंगळसूत्र, हिरव्या काचा, गळ्यातली चांदीची साखळी, चार जोडवी. साखळी चकचकीत. जोडवी कोळशासारखी काळी.

मामाच्या लॅबमध्ये मी हे बघितलं आहे. त्या गॅसवर चांदी धरली की काळी पडते. वज्रेश्वरीच्या गरम कुंडात उतरताना बायका चांदी काढून ठेवतात, ते याच्यासाठीच.

"काकू, वज्रेश्वरीला गेली होतीस का एवढ्यात?"

"न्हाय गं. कुठं जातेय." तिनं माझी नजर बघितली. मग थाळी बघितली. पदरानं झाकायला गेली, हात मध्येच थांबला.

"बायांनो, चहाचं बघा जरा," ती म्हणाली. बायका उठल्या.

गळ्यातली साखळी पांढरी, पायांतली जोडवी काळी. गॅस जड असतो, खड्ड्यात तळाशी बसतो. तिचे पाय खड्ड्यात होते, मान वर, जिथं गॅस विरळ होता.

"शिडीवर किती पायऱ्या उतरलीस?" मी विचारलं.

"तीन." तिचा आवाज अगदी साधा आला. "भाकरी घेऊन गेले होते. सात वाजले असतील. हाक मारली, बोलं न्हाय. उतरले तर डोकं गरगरलं, डोळ्यांत मिरची गेल्यासारखं झालं. कशीतरी वर आले. तो बघत होता माझ्याकडं. डोळे उघडे होते ना त्याचे."

"आणि कॅन?"

ती रडली नाही. पुढं वाकली.

"माझ्या भावानं, दौलतनं तेजाब पिऊन जीव दिला होता. तुला ठावं न्हाय, तू बारकी होतीस. तीन म्हयने लोक माझ्या आईला इचारत होते, काय केलंस पोराला? काय छळलंस? तो कॅन वर कडेला, नवऱ्याच्या डोक्याशी बघितला आनि माझ्या मनात येकच आलं. लोक म्हनतील, राहीनं नवऱ्याला तेजाब प्यायला लावलं. उचलला नि पळाले. त्याला तिथंच टाकून. मोरू येईस्तोवर."

"काकू, त्यानं काही जीव दिला नाही. शिंपल्या धूत होता."

"आता कळलं मला. तवा न्हाय कळलं."

मी उठायला गेले. माझं काम झालं होतं, मला सगळं कळलं होतं. काकू म्हणाली, "बस."

मी बसले.

"तुला हे न्हाय इचारायचं, का धूत होता? त्याला काय घेनं होतं शिंपल्यांचं? ते काम कोनाचं होतं?"

बाहेर स्टोव्हचा आवाज येत होता.

"मंगळवारी रातचा जेवला न्हाय. म्हनला, पोरगी लई तापली होती. म्हनली, उद्या मॅडम येनार आनि चर असा लाल, दिवसभर बसून काय करता, पगार विड्या फुकायचा घेता काय? म्हनला, बरोबर बोलली ती. उद्या ती यायच्या आधी दाखवतो तिला, चिंधूला काय येतं ते."

मी हेच बोलले होते. शब्दन्‌शब्द. शनिवार मी चुकवला, मंगळवारी चराची दशा बघितली, आणि स्वतःवरचा राग त्याच्यावर काढला.

"सांग आता सगळ्यांना," काकू म्हणाली. "सांगशील?"

७

शुक्रवारी दहाला जेसीबी चराच्या तोंडाशी घरघरत होता. पाडा जमला होता. शेठ गाडीच्या सावलीत. मामा मान खाली घालून. खाणीतून नारिंगी पाणी सळसळत खाली येत होतं, त्याला कसलाच शुक्रवार नव्हता.

मी चराच्या कठड्यावर चढले. रात्रभर झोप नव्हती, आवाज घोगरा झालेला.

"चिंधूकाकाला टाकीनं नाही मारलं."

"ए, उतर खाली!" ड्रायव्हर ओरडला.

मी एकेक करून सांगितलं. पांढऱ्या शिंपल्या, दोन्ही बाजूंनी घासलेल्या. बॉयलर धुवायची रीत. चराचा वॉल्व. सुमित पुढं येऊन बोलला, हो, कॅन मी दिला. मामानं हळूहळू मान वर केली.

"शब्दांनी काय होतं?" शेठ म्हणाले. "कॅन कुठाय?"

मी गर्दीत राहीकाकूकडं बघितलं नाही. तिचं नाव घ्यायचं नाही असं मी ठरवलं होतं. कॅन नसेल तर माझं अर्धं बोलणं हवेत, हेपण माहीत होतं. शेठनं ड्रायव्हरला हात केला. पातं वर उचललं गेलं.

"हा घ्या."

काकू गर्दीतून आली. हातात निळा कॅन, लाल दोर. पाड्यात एकच कुजबुज उठली आणि तिच्या चेहऱ्याकडं बघून विझली. "मी लपवला होता. भ्याले म्हनून. पोरगी बोलते ते खरं हाय."

मामा पुढं धावला. बांबूच्या टोकाला डबा बांधून त्यानं चेंबरमधला चिमूटभर काळा गाळ वर काढला, स्टीलच्या ग्लासात घातला. सगळ्यांना लांब उभं केलं. कॅनमधल्या उरलेल्या तेजाबाचे चार थेंब लांबून सोडले. गाळ फसफसला. कुजक्या अंड्यांचा वास लोकांच्या अंगावर आला तशी गर्दी चार पावलं मागं सरली. ग्लास त्यानं लगेच सोड्याच्या बादलीत बुडवला.

"दोन वर्षं हा गाळ शांत होता," तो म्हणाला. "तेजाब पडेपर्यंत."

"मग शेवटी टाकीतूनच गेला ना माणूस?" शेठ म्हणाले. "ती नसती तर तेजाब कशाला आणलं असतं त्यानं? जबाबदार कोण मग?"

पाडा माझ्याकडं बघायला लागला. इथपर्यंत सगळं दुसऱ्यांचं होतं.

"मी," मी म्हणाले. "शिंपल्या घासायचं काम माझं होतं. मी शनिवारी गेले नाही. मंगळवारी त्याला फुकटखाऊ म्हणाले. त्यानं माझं काम केलं, त्याला येत होतं तसं. गाळावर तेजाब चालत नाही हे मला माहीत होतं, मामानं शिकवलं होतं. काकाला मी कधी सांगितलं नाही. त्याला काय कळतंय, असं वाटायचं मला."

कुणी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मामा ड्रायव्हरजवळ गेला. "सही माझी होती. मी परत घेतो. पातं खाली घे."

"शेठ?" ड्रायव्हरनं विचारलं.

शेठनी गर्दीकडं नजर फिरवली. विहिरीवर भरणाऱ्या बायका आता चराच्या आणि जेसीबीच्या मध्ये येऊन उभ्या होत्या. कुणी सांगितलं नव्हतं त्यांना. शेठ गाडीत बसले, काच वर केली. जेसीबी उलटा वळला.

लोक पांगले. मी कठड्यावरून उतरले. राहीकाकू चेंबरपाशी उभी होती, खाली बघत.

"काकू…"

"तू बोलू नको. तुला मी माफ न्हाय केलं. करंन का, ते मला ठावं न्हाय."

"हो."

"त्याचं काम आता मी करनार. तुझ्या मामाला इचारलंय." तिनं झाकणाची कडी पकडली. एकटीला उचलत नव्हतं. मी दुसरी कडी धरली, तिनं नको म्हटलं नाही. झाकण जागेवर बसलं. "तो गॅस कळायचं मशीन कसं लावायचं, ते मला शिकव. सगळं शिकव, काय कशावर पडलं की काय होतं ते. मी आंगठेबहाद्दर हाय म्हनून काय सोडू नको."

"शिकवते."

"आनि उद्या सकाळी साडेसहाला ये. मी खाली उतरंन तवा तू वर दोर धरून उभी पायजेस. नुसतं उद्या न्हाय, रोज. येक दिवस चुकलीस तर मी उतरनार न्हाय, आनि दुसऱ्या कोनाला उतरू देनार न्हाय. मग विहिरीचं काय व्हायचं ते होऊ दे, पाड्याला तू उत्तर द्यायचं."

दुसऱ्या दिवशी मी सव्वासहालाच पोचले. ती माझ्या आधी आली होती.